लांबीखालचा पत्रा

जुनी ‘डुक्कर फियाट’ कामाला घेतली की जाणता डेंटर आधी हातोडी उचलत नाही, खिशातून चुंबक काढतो. बॉनेटवर ते खटकन चिकटतं, मडगार्डच्या कमानीशी मात्र घसरून पडतं. मग पुण्यातल्या गॅरेजात हमखास उद्गार निघतो, “इथं पत्राच नाही, नुसती लांबी आहे.”

लांबी हा शब्द मूळचा मोटारीचा नव्हे, सुतार-रंगाऱ्यांचा. खडूची पूड बेलतेलात कणकेसारखी मळायची आणि खिळ्याच्या भोकात, तावदानाच्या कडेला दाबायची. (बेलतेलाचा बेलाच्या झाडाशी काही संबंध नाही. ते ‘बॉइल्ड’ तेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं.) मोटारीच्या पोच्यात मात्र पूर्वी शिसं भरत. पत्र्याला कथलाचा हात द्यायचा, शिसं-कथलाची कांडी जेमतेम मऊ होईल इतकीच आच धरायची आणि चरबी चोपडलेल्या लाकडी पट्टीनं ते लोण्यासारखं फिरवायचं. कल्हईवाल्याच्याच भाऊबंदकीतलं काम. पण कसबाचं, आणि विषारीही.

दुसऱ्या महायुद्धात काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांची जोडी जमली. १९५३ मध्ये शेव्हरोलेनं ‘कॉर्व्हेट’ची अख्खी बॉडीच त्यातून घडवली. १९५५ च्या सुमारास मायामीच्या रॉबर्ट मर्टन स्पिंकनं पॉलिएस्टरमध्ये शंखजिरं कालवून ‘बोंडो’ काढलं. हार्डनर घातला की काही मिनिटांत दगड! आपल्या गॅरेजांत हा माल आला तेव्हा त्याला वेगळं नाव शोधायची गरज कुणाला वाटली नाही. ती लांबीच झाली.

ती काढणं हा वेगळाच उद्योग. पॉलिएस्टर पुन्हा वितळत नाही, हीट गननं फक्त मऊ पडतं. तेवढ्यात पटाशी खाली सरकवायची. आच वाढली तर धूर डोळ्यांत जातो आणि पत्रा वाकडा होतो. लांबीखाली काचतंतूंचं फायबर असेल आणि त्यावर थेट ग्राइंडर मारला तर काचेची पूड उडते, मास्क नसेल तर छातीत जाते आणि अंगाची खाज रात्रभर झोपू देत नाही. त्यापेक्षा सुटलेली कड शोधून पापुद्रा उचकटलेला बरा. सुटलेली कड सापडतेच, कारण उन्हात पत्रा आणि फायबर सारखे फुगत नाहीत. त्या फटीतून पाणी शिरतं, शंखजिरं ओल धरून ठेवतं आणि रंगाखाली गंज निवांत पसरत राहतो.

जुन्या मेकॅनिकला शिव्या घालायची आता फॅशन आहे. मला ती पटत नाही. आयातीला कुलूप असताना परदेशी गाडीचं मडगार्ड त्यानं आणायचं कुठून? त्याच्या ठिगळावर गाडीनं किती पावसाळे काढले, हेही मोजावं.

कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगनं जोडला, ठोकून सारखा केला, तरी शेवटी कागदाइतकी पातळ लांबी फिरवावीच लागते. डेंटर पुन्हा चुंबक लावून बघतो. आता ते तिच्यावरूनही चिकटतं.