कलदार, हाली अन् बट्टा : घरातला जुना रुपया कसा पारखायचा



दिवाळी जवळ आली की लक्ष्मीपूजनाचे जुने रुपये पेटीतून निघतात, अन् चिंच-राख लावून घासणं सुरू होतं. आधीच सांगतो, घासू नका. का ते पुढं येतंच. त्याआधी आपल्या भागात रुपया पारखायची एवढी गरज का पडायची ते बघू.

आपलं केदारखेडा, भोकरदन, सगळा जालना मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इथं चालायचा हाली सिक्का. हाली म्हंजे चालू, सध्याचा. अन् शेजारी बुलडाण्याकडं वऱ्हाडात १८५३ पासून इंग्रजांचा कारभार, तिथं त्यांचा कलदार. कल म्हंजे यंत्र, यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. हद्दीवरच्या माणसाच्या कनवटीला दोन्ही रुपये यायचे, पण दोन्हींचा भाव एक नव्हता. सात हालीला सहा कलदार.

पुष्कळांना वाटतं हा दर इंग्रजानं दांडगाईनं लावला. हिशोब करून बघा. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हंजे सुमारे १०.६९ ग्रॅम. हाली साधारण ११.१८ ग्रॅमचा, चांदी शंभरात ८२ च्या आसपास, म्हंजे सव्वानऊला थोडी कमी. सात हालीत ६४ ग्रॅम चांदी भरते, सहा कलदारातही तेवढीच. दर चांदीला धरून होता.

घोटाळा व्हायचा झिजलेल्या रुपयात. रुपया हातोहात फिरून झिजला, वजनाला कमी भरला, की सराफ वरून काही कापून घ्यायचा. तो बट्टा. नावाला बट्टा लागला म्हणतो ते इथूनच आलं. पेशवाईत तर अंकुशी, चांदवडी असे कितीतरी रुपये चालायचे, प्रत्येकाचा बट्टा वेगळा. सरकारी खजिन्यात नाणं पारखायला पोतदार असायचा. आज ते आडनाव उरलंय. इंग्रजांनी १८३५ ला कायदा करून आपल्या मुलखात एकच रुपया ठेवला, वजन बरोबर एक तोळा. म्हणून तर शेर ऐंशी रुपये भार. ज्याच्या घरी वजनं नव्हती तो रुपयेच ताजव्यात टाकायचा.

ह्या सगळ्यात एक गोष्ट आजही तीच हाय. घेणाऱ्याला नाणं कळतं, विकणाऱ्याला कळत नाही. अडीनडीला आजीची पेटी उघडायची, सराफानं मोडीच्या भावात तोलून घ्यायचं, असं गावोगाव चालतं. मोडीत द्यायचं तर द्या, पण आधी उजेडात धरून बघा.

झीज कायम उंच भागावर आधी दिसते. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयात केस, गाल अन् झग्याची नक्षी बघा. पंचम जॉर्जच्या रुपयात मुकुटावरचे खडे, कान, अन् छातीवरच्या माळेतला बारका हत्ती. १९११ च्या रुपयात हा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक बिथरले, सरकारला नाणी परत घ्यावी लागली अन् १९१२ ला सोंड नीट करून दिली. तो हत्ती सोंडेसकट सुटा दिसला तर रुपया फार फिरलेला नाही समजा. हालीवर चारमिनार असतो. मिनारांची टोकं अन् मधल्या कमानीतलं अक्षर बघा. मीम असेल तर महबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान. साल हिजरी असतं, उर्दू आकड्यात.

आता घासण्याचं. रुपयावर जी काळपट छटा येते ती चांदीवर हवेतल्या गंधकाचा परिणाम. ती खराबी नाही, उलट जाणकार तीच शोधतो. रांगोळीनं, राखेनं घासलं की बारीक ओरखडे पडतात, नव्या नाण्याची मूळ झळाळी जाते, ती परत कशानंच येत नाही. माळेसाठी कडी डाकवलेला रुपया तर संग्रहात बसतच नाही, मग छाप कितीही चांगली असू द्या. पुजेला साध्या पाण्यानं धुवा, मऊ फडक्यानं टिपा, बस.

साल जरूर बघा. १९४० पासून कलदारात चांदी निम्मीच, अन् १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा, त्याच्यावर वाघ हाय. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदी चिकटत नाही. पण तांबं-पितळही चिकटत नाही, तेव्हा चुंबकावर भागत नाही. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकं वाजवा. चांदी खणखणते, खोटं बद्द वाजतं. चिरलेला खरा रुपयाही बद्द वाजतो, म्हणून सोनाराच्या काट्यावर वजन करा. १९३९ चा रुपया दुर्मिळ हाय, त्यामुळंच त्याच्या नकला भरपूर. कोणी स्वस्तात देतो म्हटलं की सरळ नाही म्हणा.

अन् नांगरटीत, विहिरीच्या खोदकामात नाणी सापडली तर? भोकरदन म्हंजे जुनं भोगवर्धन, सातवाहनांच्या काळातलं गाव, तिथं उत्खनन झालेलं हाय. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली, नहपान राजाची. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप वरून मारला होता. कोणी जिंकलं, कोण हरलं ते त्या नाण्यांवरून कळलं. ती कोणी वितळवली असती तर?

१८७८ च्या कायद्यानं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. मातीसकट, भांड्यासकट जसंच्या तसं ठेवा अन् तहसीलला जा.