सीनियरची डिप्लोमा फिल्म

आकुर्डी-निगडीकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजातली पोरं शॉर्टफिल्म करायला घेतात तेव्हा आधी सत्यजित राय बघत नाहीत. मागच्या वर्षीच्या पोरांनी काय केलं होतं ते बघतात. त्यात थोडा आळस असतो, थोडी खुन्नसही असते. पण ही सवय दिसते तितकी उथळ नाही. तिचा माग काढत गेलं तर आपण पुण्यात लॉ कॉलेज रोडवर, ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या फाटकाशी पोहोचतो.

त्या फाटकाच्या आत आधी वेगळीच रीत होती. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम हे सगळे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले. उस्तादाच्या हाताखाली राहायचं, पडेल ते काम करायचं, बघत बघत शिकायचं. १९२९मध्ये त्यांनी ‘प्रभात’ काढली, १९३३मध्ये ती पुण्याला आणली. नजर मात्र उस्तादाच्या हातावरच असे. बरोबरीच्या माणसाची फसलेली फिल्म बसून बघावी, अशी चैन कुठल्याही धंदेवाईक कंपनीला परवडणारी नव्हती.

ती चैन सरकारने दिली. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट चौकशी समितीने १९५१मध्ये चित्रपट-शिक्षणाच्या संस्थेची शिफारस केली. ‘प्रभात’ १९५३मध्ये बंद पडली आणि त्याच जागेत १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. चुकण्यासाठी सरकारी पैसा मिळण्याची ही बहुधा आपल्याकडची पहिलीच वेळ! अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्यांनी एक फिल्म करायची. तिचं नाव डिप्लोमा फिल्म. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी अशा वेगवेगळ्या शाखांची मुलं मिळून ती करतात, म्हणजे एकाच फिल्मवर अनेकांची परीक्षा. ती मेन थिएटरात लागली की बघणारेही तसेच बसतात. संकलनवाला कट मोजतो, ध्वनीवाल्याचे कान मागच्या आवाजावर असतात आणि गोष्टीत रमायला फारसं कुणी उरत नाही.

पी. के. नायर यांनी उभारलेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (१९६४) याच रस्त्याच्या आसऱ्याने वाढलं आणि जगातले उत्तमोत्तम चित्रपट विद्यार्थ्यांना दिसू लागले. ऋत्विक घटक त्याच सुमारास इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला आले होते. मग सीनियरची अर्धकच्ची फिल्म कशाला बघायची? माझं उत्तर असं की थोर चित्रपटात जोड दिसतच नाही. मोरवाडीच्या आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावं लागणार नाही. शेजाऱ्याने कानस मारून केलेला जॉब तो गुण्या लावून उजेडाकडे धरतो आणि फटीतून उजेड आला की चूक कुठे आहे ते त्याला कळतं. कारखान्यातून आलेल्या तयार सुट्या भागात तशी फट सापडत नाही. सीनियरच्या फिल्ममध्ये ती सापडते. शिवाय ती भिंत, तो जिना, तो कॅमेरा आपल्या रोजच्या ओळखीचा असतो. एवढ्याच सामानात त्याने हे केलं, मग आपल्याला का जमू नये, हा प्रश्न राय बघताना पडत नाही.

अपुऱ्या सामानात एकमेकांचं बघून शिकणं पुण्यापुरतं नाही. मॉस्कोत १९१९मध्ये जगातली पहिली चित्रपटशाळा निघाली, तिथे चित्रीकरणाच्या कोऱ्या फिल्मचाच दुष्काळ होता. तिथे शिकवणाऱ्या कुलेशोव्हचे विद्यार्थी फिल्मशिवायच प्रसंग बसवून एकमेकांना दाखवत. अडचणीतून शिकवण निघाली, ती अशी.

पुण्याच्या डिप्लोमा फिल्मांच्या साखळीत नावं मोठी आहेत. मणी कौल यांची ‘यात्रिक’ आणि कुमार शहानींची ‘द ग्लास पेन’, दोन्ही १९६६च्या. विधू विनोद चोप्रांची ‘मर्डर अ‍ॅट मंकी हिल’ १९७६ची. श्रीराम राघवन यांच्या ‘द एट कॉलम अफेअर’मध्ये (१९८७) वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचा धावपटू शेवटच्या पानावरच्या टेनिसपटूच्या प्रेमात पडतो आणि मधल्या बातम्यांतून वाट काढत तिच्याकडे निघतो. अशी कल्पना बाजारात कुणी ऐकूनही घेतली नसती. उमेश कुलकर्णींची ‘गिरणी’ मराठी माणसाला जवळची. आई घरात पिठाची गिरणी आणते आणि तिच्या घरघरीत मुलाचं बालपण बुडत जातं. ध्वनी शिकणाऱ्या मुलाला यापेक्षा चांगला धडा सापडणं कठीण! पुढे ‘वळू’, ‘विहीर’ करणाऱ्या या दिग्दर्शकाने आपल्या ‘अरभाट’ संस्थेच्या शॉर्टफिल्म क्लबमधून लघुपट एकत्र बसून बघायचा आणि त्यांवर बोलायचा प्रघात इन्स्टिट्यूटच्या भिंतीबाहेर आणला, हे मला पुरस्कारांहून मोलाचं वाटतं.

या सवयीला दुसरंही एक मूळ आहे आणि ते सिनेमातलं नाही. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’ म्हणून घसा फोडणारी पोरं पडदा उघडला की विरोधी कॉलेजची एकांकिका डोळ्यांत तेल घालून बघतात. कुणाचा प्रकाश फसला, कुणाचा प्रवेश लांबला हे चहाच्या टपरीवर पहाटेपर्यंत चघळलं जातं. पिंपरी-चिंचवडची कॉलेजं या गर्दीत असतातच. बी. जे. मेडिकलचे जब्बार पटेल त्याच वातावरणातून आले, त्यांनी ‘सामना’ हा चित्रपट केला आणि पुढे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची धुरा घेतली. त्या महोत्सवात विद्यार्थ्यांच्या चित्रपटांची वेगळी स्पर्धा निघाली, यात मला नवल वाटत नाही.

डिजिटल कॅमेरा आल्यावर डिप्लोमाची मक्तेदारी संपली. अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकलेल्या नागराज मंजुळेंच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाने राष्ट्रीय पुरस्कार आणला. २०२४मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात पहिली आलेली चिदानंद नाईक यांची फिल्मही इन्स्टिट्यूटचीच, पण तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातली नव्हे. टेलिव्हिजनच्या एक वर्षाच्या वर्गात, चार दिवसांत चित्रित केलेली.

आता निगडीतला मुलगा हे सगळं फोनवर बघतो. फिल्म त्याला मिळते, करणारा मिळत नाही. मेन थिएटरात करणारा दोन रांगा मागे बसलेला असायचा. ‘इथे असं का केलंस?’ विचारलं तर ‘पाऊस आला’ किंवा ‘नटाला वेळ नव्हता’ असं खरं उत्तर मिळायचं. एमआयडीसीच्या पट्ट्यातल्या कॉलेजांत प्रोजेक्टर आहे, सेमिनार हॉल आहे, एकांकिकेच्या तालमीला रात्री उशिरापर्यंत किल्ली देणारा शिपाईसुद्धा आहे. रफ कट घेऊन तिथे यायला मात्र कुणी तयार नसतं. सगळ्यांना थेट अपलोडच करायचं असतं.