मुरळीच्या हातातील घाटी : औराद सीमाभागातील जागरण, त्यातील घंटा आणि आगामी यात्रा

घंटा म्हटली की गोमंतकीय वाचकासमोर दोन चित्रे उभी राहतात : देवळाच्या चौकात टांगलेली पितळी घंटा आणि इगर्जीच्या मनोऱ्यातील भलीमोठी घंटा. या दोन्ही घंटा जागच्या हलत नाहीत. माणसाने त्यांच्यापाशी जायचे असते. तिसऱ्या प्रकारची घंटा माणसाच्या हातात राहते आणि त्याच्याबरोबर गावोगाव हिंडते. देवघरातील पूजेची घंटी, भिक्षेला निघालेल्या जंगमाची घंटा, जुन्या काळच्या डाकहरकाऱ्याच्या काठीला बांधलेले घुंगरू ही तिची नातलग मंडळी. मात्र हातातील घंटेला वाद्याचा मान मिळाला, तिच्याभोवती गाणारे, नाचणारे आणि ऐकणारे असा समुदाय उभा राहिला, तो मराठी मुलखात मुख्यतः एकाच ठिकाणी : खंडोबाच्या जागरणात. तेथे ती मुरळीच्या हाती असते. तिला घाटी म्हणतात, काही भागांत घोळ असेही नाव आहे.

कर्नाटकाच्या अगदी उत्तर टोकाला असलेला बीदर जिल्ह्यातील औराद तालुका हा या परंपरेचा एक जुना टापू आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा येथे बाजारात कानी पडतात. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली तेव्हा जुना बीदर जिल्हा तीन वाटांना गेला : उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे, नारायणखेड व जहीराबादचा बराचसा भाग आंध्र प्रदेशाकडे आणि औराद, भालकी, हुमनाबादसह उरलेला जिल्हा म्हैसूर राज्याकडे. देव मात्र वाटला गेला नाही. महाराष्ट्रात खंडोबा, कर्नाटकात मैलार, तेलंगणात मल्लण्णा या तिन्ही नावांनी एकाच देवाची पूजा होते. त्याच्या दोन बायकाही भाषेनुसार नावे बदलतात. मराठीत म्हाळसा आणि बाणाई, कन्नडमध्ये गंगी माळव्वा आणि कुरुब माळव्वा, तेलुगूत मेडलम्मा आणि केतम्मा. ‘येळकोट’ हा जयघोष कन्नडमधील ‘एळु कोटी’, म्हणजे सात कोटी, या शब्दांतून आला असे सांगितले जाते. जेजुरीच्या पायऱ्यांवर तो देणाऱ्या कितीजणांना आपण कन्नड बोलत आहोत याची कल्पना असते, हा प्रश्न गमतीचा आहे आणि सीमावादाच्या गरमागरमीत कधीतरी विचारून पाहावा असाही.

औरादकरांचे या परंपरेतील जवळचे पीठ म्हणजे भालकी तालुक्यातील खानापूर येथील मैलार मल्लण्णाचे देवस्थान. बीदर-उदगीर मार्गावर, बीदरपासून सुमारे १५ किलोमीटरवर ते आहे. ‘मल्हारीमाहात्म्या’त ज्या प्रेमपुराचा उल्लेख येतो ते हेच, असे मानले जाते, लोकांच्या तोंडी त्याचे ‘पेंबर’ झाले. खंडोबाच्या प्रमुख स्थानांच्या परंपरागत यादीत जेजुरी, पाली, नळदुर्ग, मंगसुळी, माळेगाव यांच्या पंक्तीला हे स्थान बसते. रा. चिं. ढेरे यांनी ‘खंडोबा’ या ग्रंथात आणि हायडेलबर्गचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी आपल्या लेखनात या दैवताचा दक्षिणेकडील विस्तार तपशिलाने मांडला आहे.

जागरण हा देवळातला नव्हे, घरातला विधी. घरी लग्न झाले, नवस फेडायचा असला, नवे घर बांधले की कुलधर्म म्हणून ते घातले जाते. अंगणात चौक भरतात, त्यावर उसाचा किंवा ज्वारीच्या ताटांचा लहानसा मांडव उभा करतात, घट बसवतात, कोटंब्याची पूजा होते, भंडार उधळला जातो, दिवटी पेटते. मग रात्रभर गाणे. मुख्य वाघ्या कथा लावतो, त्याच्या हातात दिमडी असते. साथीला तुणतुणे, कधी खंजिरी, कधी टाळ. मुरळी उभी राहून नाचते. एका हातात घाटी, दुसऱ्या हातात पदराचा शेव.

घाटीचे काम वरवर साधे दिसते, पण पुष्कळदा सारी रात्र तिच्यावर तोललेली असते. दिमडीचा आवाज कोरडा आणि तुटक, तुणतुण्याचा एकसुरी. या दोहोंवर तरंगणारा, लांबवर जाणारा नाद फक्त घाटीचा. मनगटाच्या झटक्याने तिचा लोळा एका बाजूला आपटला की ठोका मिळतो. मनगट थरथरवले की नाद अखंड होतो. कथा चालू असताना ठोका, आवाहनात किंवा जयघोषाला अखंड नाद, हा सर्वसाधारण रिवाज. आवाहनात गावोगावच्या देवांना नावे घेऊन जागरणाला बोलावले जाते आणि ज्या मुलखात जागरण असेल तेथील देवांची नावे त्या यादीत शिरतात. पूजेच्या घंटेचा शास्त्रोक्त हेतूही हाच सांगितला आहे : देवांनी यावे, राक्षसांनी जावे. पहाटे दोन-तीनच्या सुमारास ऐकणाऱ्यांच्या माना खाली जाऊ लागतात, तेव्हा घाटीचा आणखी एक व्यावहारिक उपयोग ध्यानात येतो. जागरण हे नाव सार्थ ठेवण्याची जबाबदारी तिच्यावर असते.

घाटी चांगली की वाईट, हे धातूवर ठरते. तांबे आणि कथील यांचे मिश्रण म्हणजे कासे. घंटेच्या कांशात कथलाचे प्रमाण साधारण पाचव्या हिश्शाइतके किंवा थोडे अधिक असते. कथिलामुळे धातू कठीण व ठिसूळ होतो आणि नाद लांबतो. पितळेत कथिलाऐवजी जस्त असते, म्हणून पितळी घंटी दिसायला झळाळते पण तिचा आवाज लवकर विझतो. घंटा ओतणारे ते ओतारी. त्यांचा धंदा साच्याच्या आणि भट्टीच्या कौशल्यावर चालतो : काठ एकसारख्या जाडीचा हवा, ओतीव धातूत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. तडा गेलेली घंटा डाग देऊन दिसायला नीट होते, पण आवाज परत येत नाही. ती वितळवून पुन्हा ओतावी लागते. बीदरचे नाव धातुकामात गाजले ते बिदरीमुळे, पण बिदरीचा धातू जस्तप्रधान आणि कामगिरी चांदीच्या जडावाची. त्या कलेचा नादाशी काही संबंध नाही. बीदरहून आणलेली म्हणजे बिदरी घंटा, असे सांगून कोणी काही विकू लागल्यास सावध असावे.

दिमडीची अडचण गोमंतकीयांना वेगळी सांगायला नको. तिच्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आपल्या घुमटावर जी वेळ आली तीच दिमडीवर आली. घुमटाने बकऱ्याचे कातडे स्वीकारले आणि २०१९ साली गोवा सरकारने त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला. दिमडीनेही कातडे बदलले, काही ठिकाणी कृत्रिम पडदा स्वीकारला. दर्जाबिर्जा तिला अद्याप कोणी दिलेला नाही.

घाटीवर अशी कोणतीही बंदी नाही. बंदी आली ती घाटी धरणाऱ्या हाताच्या मागे असलेल्या रूढीवर, आणि ती यायलाच हवी होती. या परंपरेचे गुणगान करताना हा भाग वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मूल होत नाही, झालेले जगत नाही, घरात दुखणे सरत नाही, अशा वेळी आईबाप पहिले मूल खंडोबाला वाहण्याचा नवस बोलत. मुलगा झाला तर वाघ्या, मुलगी झाली तर मुरळी. मुलीच्या गळ्यात कवड्यांचा गाठा घालून, भंडार लावून तिचे देवाशी लग्न लावले जाई. वाघ्या पुढे लग्न करून संसार करू शके; मुरळीला ती मोकळीक नव्हती. देवाची बायको या नावाखाली तिच्या वाट्याला काय येई, हे जेजुरीपासून मैलारपर्यंत सर्वांना ठाऊक होते आणि बहुतेक मुली दलित व गरीब घरांतल्या होत्या.

याविरुद्धचा आवाज मुरळ्यांमधूनच उठला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र चालवीत. त्यातील आवाहन वाचून १९०९ साली शिवूबाई या मुरळीने पत्र लिहिले, हे जिणे सोडण्याची इच्छा जाहीर केली आणि पुढे रीतसर विवाह केला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनीही त्याच काळात मुरळ्यांचा प्रश्न हाती घेतला. गोव्यात भाविण-देवदासींच्या मुक्तीसाठी झालेला लढा राजाराम पैंगिणकरांच्या ‘मी कोण’ या आत्मचरित्रातून वाचकांना परिचित आहे. दोन्ही चळवळींचा काळ जवळजवळ एकच.

कायदा मात्र राज्याच्या सीमेप्रमाणे आला. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला, पण औराद तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो येथे लागू नव्हता. संपूर्ण कर्नाटकाला लागू होणारा, मुली वाहण्यास प्रतिबंध करणारा कायदा विधिमंडळाने १९८२ साली संमत केला. त्यात असा विधी करणारा, त्यात भाग घेणारा आणि त्याला मदत करणारा असे सगळेच दोषी धरले गेले. आईबाप किंवा पालकच त्यात असतील तर शिक्षा अधिक कडक ठेवली होती. वाहिलेल्या स्त्रीचा विवाह त्याने कायदेशीर ठरवला, त्या कारणाने तो अवैध म्हणता येणार नव्हता. महाराष्ट्राचा देवदासी पद्धती निर्मूलन अधिनियम २००५ चा.

मग आता घाटी कोण वाजवते? आजच्या जागरण पार्ट्यांमध्ये मुरळीची भूमिका करणाऱ्या स्त्रिया बहुधा विवाहित कलावंत असतात. काही पार्ट्यांत पती वाघ्या आणि पत्नी मुरळी असतात. काही ठिकाणी पुरुष स्त्रीवेषात नाचतो. सुपारी घेऊन, तारीख ठरवून कार्यक्रम होतो. ध्वनिवर्धक असतो, हार्मोनियम किंवा कीबोर्डही असतो. जुन्या जाणकारांना यात उणेपणा वाटतो. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. रात्र संपल्यावर मोबदला घेऊन स्वतःच्या घरी परतणारी मुरळी हा या परंपरेच्या इतिहासातील अलीकडचा आणि सर्वांत मोठा बदल आहे. त्यापुढे कीबोर्डचा सूर थोडा बेसूर लागला, तर तो सहन करावा. खरी चिंता दुसरीच आहे. मुरळी ‘कलावंत’ झाली, तरी तिच्याकडे पाहणारी नजर पुष्कळदा जुनीच राहते. आणि ज्या स्त्रिया पूर्वीच वाहिल्या गेल्या, त्यांचे वय झाल्यावर त्यांच्या घाटीला कोणी बोलावत नाही.

शेजारच्या परंपरांशी तुलना उद्बोधक ठरते. कर्नाटकातील मैलाराचे उपासक ते गोरव. त्यांच्या हातात डमरू आणि बासरी. तेलंगणात मल्लण्णाची कथा सांगणारे ओग्गू कथेकरी. ‘ओग्गू’ हे शिवाच्या डमरूचेच नाव. दोन्हीकडे कथनाचा मान पुरुषांचा. घंटा स्त्रीच्या हाती देऊन तिला कथनाच्या मध्यभागी उभे केले ते मराठी जागरणाने. त्याची तिने मोजलेली किंमत वर आलीच आहे.

दूरदेशीची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. इंग्लंडात विल्टशर परगण्यातील ऑल्डबोर्न गावच्या कोर बंधूंनी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून सुरांत जुळवलेल्या हातघंटा ओतायला सुरुवात केली. मनोऱ्यातील थोरल्या घंटा क्रमवारीने वाजविण्याचा सराव थंडीत वर न जाता, खाली बसून करता यावा, हा त्यामागचा साधा हेतू. पुढे त्यातून स्वतंत्र वादन उभे राहिले. अमेरिकेत १९५४ साली हातघंटा वाजविणाऱ्यांचा संघ स्थापन झाला. त्यांच्या वादनात प्रत्येकाच्या हाती एक-दोन सूर असतात आणि दहा-बारा जण मिळून एक चाल पुरी करतात. एकजण गैरहजर राहिला की गाण्याला भोके पडतात. मनोऱ्यातील त्या पद्धतीच्या आठ घंटांचा संच पुण्याच्या पंचहौद देवळात आहे आणि मुंबईच्या कुलाब्यातील अफगाण चर्चमध्येही. जागरणात याच्या उलट : सूर एकच, हात एकच आणि रात्र पुरी काढायची.

आता आगामी यात्रांविषयी. खंडोबाचा वार रविवार, त्यामुळे खानापूरला रविवारी गर्दी असते. वर्षातील मोठा उत्सव चंपाषष्ठीचा. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसतात, सहा दिवसांचे नवरात्र होते आणि षष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून तळी उचलली जाते. चातुर्मासात सोडलेले कांदा, वांगे कित्येक घरांत या दिवसापासून पुन्हा ताटात येते. २०२५ साली चंपाषष्ठी २६ नोव्हेंबरला होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्याने ती डिसेंबरच्या मध्यास येते. गेल्या वर्षीच्या तारखेवर भिस्त ठेवून गाडी ठरविणाऱ्यांनी पंचांग उघडावे.

त्यानंतर नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगावची यात्रा. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला पालखी निघते आणि पुढे काही दिवस घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार, कुस्त्या आणि लावणी यांनी माळ गजबजतो. औराद, देगलूर, उदगीर भागातील वाघ्या-मुरळींची हजेरी येथे असते. यंदाच्या पंचांगानुसार हा योग जानेवारी २०२७ च्या पहिल्या आठवड्यात पडतो. पौषात सातारा जिल्ह्यातील पालीला खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते. माघी पौर्णिमेच्या सुमारास, कन्नडमध्ये जिला भारत हुण्णिमे म्हणतात, विजयनगर जिल्ह्यातील मैलार येथे गोरवांचा मेळा भरतो आणि धनुष्यावर चढलेला गोरवय्या वर्षाचे भाकीत एका वाक्यात सांगतो. महाशिवरात्रीच्या सुमारास खुद्द औरादला अमरेश्वराची जत्रा भरते. तो देव वेगळा, पण जत्रेत भेटणारी माणसे पुष्कळशी तीच.

गोव्याहून जाणाऱ्यांनी रस्त्याने बेळगाव, विजापूर, कलबुर्गी करीत बीदर गाठावे. रेल्वेने गेल्यास बीदर हे विकाराबाद-लातूर रोड मार्गावरील स्थानक सोयीचे. बीदरहून औराद सुमारे ४० किलोमीटर. डिसेंबरात या पठारावर रात्री चांगलीच थंडी असते. जागरणाला अंगणात बसायचे तर घोंगडे जवळ असू द्यावे, आणि दिवटीवर तेल घालण्याची पाळी आपल्यावर आली तर मागे सरू नये.