न्यूयॉर्कचा भेदभावविरोधी आयोग : कायदा आणि दप्तर

अमेरिकेतील नागरी हक्कांचा इतिहास सामान्यतः सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे आणि १९६४ चा संघीय कायदा यांच्या आधारे सांगितला जातो. त्यापूर्वी जवळजवळ दोन दशके घटक राज्यांच्या आयोगांतून या हक्कांचा नित्य व्यवहार चालू होता, ही गोष्ट त्यामुळे मागे पडते. या आयोगांपैकी न्यूयॉर्कचा आयोग सर्वांत जुना. गव्हर्नर ड्यूई यांनी १२ मार्च १९४५ रोजी आयव्हज-क्विन कायद्यावर सही केली व १ जुलैपासून तो अमलात आला. वंश, पंथ, वर्ण वा राष्ट्रीय मूळ यांवरून नोकरी नाकारणे बेकायदा ठरले. सहापेक्षा कमी नोकर असलेले मालक आणि घरकाम मात्र कायद्याबाहेर राहिले.

कायद्याने पाच आयुक्त नेमले. हेन्री टर्नर हे पहिले अध्यक्ष. ‘ऑपॉर्च्युनिटी’ या नियतकालिकाचे माजी संपादक एल्मर कार्टर हेही प्रारंभापासून आयोगावर होते. परंतु आयोगाचे खरे स्वरूप त्याच्या दप्तराच्या रिवाजात शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अन्याय झालेल्या व्यक्तीने शपथपूर्वक लेखी तक्रार द्यावी, एका आयुक्ताने तिची चौकशी करावी, सकृद्दर्शनी तथ्य दिसल्यास मालकाला बोलावून खासगी बैठकीत समजूत घालावी, हा क्रम. ते न साधल्यास जाहीर सुनावणी; तेथे चौकशी करणाऱ्या आयुक्तास निर्णयात भाग घेता येत नसे आणि समेटाच्या वेळचे बोलणे पुरावा म्हणून पुढे आणता येत नसे. सुनावणीनंतरचा हुकूम न्यायालयामार्फत अमलात येई व तो बुद्ध्या मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाचशे डॉलरपर्यंत दंड होऊ शके. प्रत्यक्षात सुनावणीपर्यंत पोचलेली प्रकरणे अत्यल्प होती. बहुतेकांचा निकाल बंद दाराआडच लागला.

प्रकरणांचे वर्गीकरण येथे विशेष बोलके आहे. तक्रार सिद्ध झालेली आणि निराधार ठरलेली, या दोन वर्गांखेरीज आयोग एक तिसरा वर्ग मानीत असे : मूळ तक्रार टिकली नाही, परंतु चौकशीत त्याच मालकाची दुसरी एखादी भेदमूलक पद्धत आढळली व ती दुरुस्त झाली. म्हणजे तक्रारदाराच्या हाती काही न पडताही त्याच्या अर्जामुळे संपूर्ण कारखान्याच्या नोकरभरतीची तपासणी होई. संस्थेच्या दृष्टीने ही कमाईच. रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसाला ती तशी वाटली असेल, हे संभवत नाही.

अर्जाचे छापील नमुने तपासणे हे असेच नीरस दिसणारे काम. छायाचित्र जोडण्यास सांगणे, अर्जदाराचे वा त्याच्या आईबापांचे जन्मस्थान विचारणे, बदललेल्या नावामागचे मूळ नाव मागणे, हे प्रश्न आयोगाने नोकरीपूर्वी विचारण्यास अयोग्य ठरविले. ‘हॉलंड विरुद्ध एडवर्ड्स’ (१९५४) या खटल्यात हाच मुद्दा राज्याच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयापुढे आला. नोकरी मिळवून देणाऱ्या एका खासगी संस्थेने नाव बदललेल्या स्त्रीकडे त्या बदलाविषयी चौकशी केली होती. न्यायालयाने आयोगाचा हुकूम कायम केला. भेद करणारा माणूस तो उघडपणे क्वचितच करतो व म्हणून आडवळणाच्या पुराव्यावरूनही निष्कर्ष काढता येतो, ही भूमिका तेथे मान्य झाली. छापील कागदावरील एका रकान्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर या निवाड्यात आहे.

गुप्ततेमुळे मालक झुकत, कारण अब्रू शाबूत राहत असे. पण त्याच गुप्ततेमुळे शेजारच्या कारखानदाराला काहीच कळत नसे. शंभर समेटांतून एकही जाहीर दंडक उभा राहत नसे. १९५२ साली सार्वजनिक उपयोगाची ठिकाणे आणि १९५५ साली सरकारी साहाय्याने उभारलेली घरे आयोगाच्या कक्षेत आली. कक्षा विस्तारली, तरी काम तक्रारीवाचून हालत नव्हते. मूळ कायद्याने आयोगाला स्वतः तक्रारदार होऊ दिले नव्हते. तो अधिकार साठच्या दशकात मिळाला. तोवर ज्या कारखान्याच्या दारात कृष्णवर्णीय अर्जदार जातच नसे, कारण तेथे नोकरी मिळत नाही हे सर्वांना ठाऊक असे, त्या कारखान्याच्या नावाचा कागद आयोगाच्या दप्तरात येण्याचे कारणच नव्हते.