सहा चवी, त्रेसष्ट मेळ

गुढीपाडव्याला आपण कडुनिंब, गूळ, चिंच आणि मीठ एकत्र वाटतो. एका बोटभर प्रसादात कडू, गोड, आंबट, खारट अशा चार चवी आल्या. राहिल्या तिखट आणि तुरट. या सहा चवींतून एक, दोन, तीन अशा निवडत गेलं, तर एकूण मेळ किती होतील? अकरावीच्या पुस्तकात याला कॉम्बिनेशन म्हणतात. पण हा प्रश्न शाळेच्या पुस्तकाहून खूप जुना आहे.

तो आधी पडला वैद्यांना. औषधात कोणते रस एकत्र येतात हे त्यांना बघायचं होतं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात हे मेळ ओळीने मांडून आकडा दिला आहे: ६३. सहाव्या शतकात वराहमिहिरांनी अत्तरांसाठी तसाच हिशेब केला. सोळा सुगंधी द्रव्यांतून चार-चार निवडली, तर १८२० मेळ! एवढे हातावर कोण मोजणार? सन ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी कोणत्याही आकड्यांना लागू पडेल असा नियम दिला. आणि ११५० साली भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त सहा चवींचंच गणित घातलं.

त्यांची रीत पाटीवर करून बघू. वर लिहा ६, ५, ४, ३, २, १. खाली लिहा १, २, ३, ४, ५, ६. सहाला एकाने भागलं, ६ आले. हे एकेका चवीचे प्रकार. त्याला पाचाने गुणून दोनाने भागलं, १५ आले. या दोन-दोन चवींच्या जोड्या. दोनाने का भागायचं? कारण आंबट-गोड आणि गोड-आंबट ही एकच जोडी, ती दोनदा मोजली गेली. असंच पुढे २०, १५, ६ आणि १. बेरीज ६३.

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती अडकला आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. ती फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात येते. मूळ ग्रंथात नाही. मूळ ग्रंथात आहे ते वेगळंच. काही गणितं ‘बाले’ अशी हाक मारून थेट मुलीला घातली आहेत, तिला उत्तर येईल असं धरून. आम्हाला मोत्याच्या गोष्टीपेक्षा हे मोलाचं वाटतं.

चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला, त्याची ती नोंद. म्हणजे हे गणित आपल्याच मुलखात शिकवलं जात होतं.

आता आमचीच गोष्ट. आमच्या बचत गटाच्या समितीत सहा जणी. दर महिन्याला दोघींनी बँकेत जायचं, पण वर्षानुवर्षं त्याच दोघी जायच्या. बाकीच्या चौघींना भरण्याची पावतीही लिहिता येत नव्हती. दुसऱ्या जोड्या कुठून आणायच्या, असं सगळ्याच म्हणत होतो. एकदा फरशीवर खडूने नावं लिहिली आणि चवींचीच रीत लावली. जोड्या निघाल्या पंधरा. वर्षाचे महिने बारा! प्रत्येकीचं नाव पाच जोड्यांत आलं. तेव्हापासून जोडी दर महिन्याला बदलते, आणि आज सहाही जणी पावती लिहितात. कोण सुटलं हे मोजल्याशिवाय दिसत नाही, हे तेव्हा कळलं.

जाता जाता लीलावतीतलंच एक गणित देतो. राजाच्या वाड्याला आठ दारं. त्यांतलं एक, दोन, तीन असं करत आठही उघडली, तर एकूण प्रकार किती? घरातल्या मुलीला शेजारी बसवा. वर आठ ते एक, खाली एक ते आठ लिहा. बेरीज २५५ आली, की गणित बरोबर.