बर्फावरील हुलकावणी : आइस हॉकीतील गोलचे तंत्र

२७ फेब्रुवारी १९९४. नॉर्वेतील लिलेहॅमर येथील हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आइस हॉकीचा अंतिम सामना स्वीडन आणि कॅनडा यांच्यात २-२ असा बरोबरीत सुटला. जादा वेळेतही कोंडी फुटली नाही. पेनल्टी फटक्यांच्या पहिल्या पाच फेऱ्यांनंतरही बरोबरी कायम राहिली. सातव्या फेरीत स्वीडनचा विशीतला पीटर फोर्सबर्ग चकती घेऊन निघाला. तो डावीकडे झुकला. कॅनडाचा गोलरक्षक कोरी हर्श त्याच्याबरोबर त्याच बाजूला सरकला आणि त्याच क्षणी फोर्सबर्गने एका हाताने काठी मागे लांबवून चकती उजवीकडच्या मोकळ्या जाळ्यात अलगद ढकलली. पाठोपाठ पॉल कारियाचा फटका स्वीडनच्या टॉमी सालोने अडवला आणि आइस हॉकीतील पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक स्वीडनला मिळाले.

या युक्तीला ‘डीक’ म्हणतात. आमिष या अर्थाच्या ‘डिकॉय’ या इंग्रजी शब्दाचे हे लघुरूप. मराठी वाचकाला ती अनोळखी वाटू नये. खो-खोच्या मैदानावरची हुलकावणी ती हीच, फक्त पायांखाली माती नसून बर्फ असतो.

ही फसवणूक शोभेची नव्हे, ती गरजेतून आलेली आहे. गोलची चौकट १.८३ मीटर रुंद आणि १.२२ मीटर उंच असते. जाड गादीची पायकवचे घातलेला गोलरक्षक चार पावले पुढे आला, की समोरच्या खेळाडूला जाळे जवळजवळ दिसतच नाही. स्थिर उभ्या गोलरक्षकाला निव्वळ ताकदीवर हरवणे म्हणूनच कठीण. मात्र त्याचीही एक अडचण आहे. ६ मीटरवरून ताशी १२० किलोमीटर वेगाने निघालेली चकती जाळ्यापर्यंत पोहोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सादेखील घेत नाही. चकती पाहून हालचाल करण्याइतका अवधीच त्याला नसतो. त्यामुळे तो चकतीबरोबर खेळाडूचे खांदे, कंबर, काठीच्या पात्याचा कोन वाचतो आणि अंदाज बांधतो. हुलकावणी या अंदाजावरच घाव घालते.

म्हणूनच निष्णात खेळाडू आधी खोटी खूण देतो. काठी उचलून फटक्याचा आविर्भाव करतो आणि फटका मारत नाही. सहकाऱ्याकडे रोखून पाहतो, पण चकती त्याच्याकडे न देता जाळ्याकडे धाडतो. गोलरक्षक एका बाजूला सरकू लागला, की त्याच्या दोन्ही पायांमध्ये फट पडते. चौकटीचे चार कोपरे सोडून उरलेली ही पाचवी जागा. टोरँटोच्या ऑस्टन मॅथ्यूजची तऱ्हा वेगळी आहे. फटका मारण्यापूर्वी तो चकती झटक्यात स्वतःच्या पायांकडे ओढतो. अंतर फार तर दोन-तीन वितींचे. पण तेवढ्याने फटक्याचा कोन बदलतो आणि गोलरक्षकाने घेतलेली जागा चुकीची ठरते. दिसायला किरकोळ वाटणारी ही लकब नाट्यमय हुलकावण्यांपेक्षा अधिक घातक म्हणावी लागेल, कारण ती प्रत्येक सामन्यात वापरता येते.

फसवणुकीला मर्यादाही आहेत. पेनल्टी फटक्यात चकती सतत गोलरेषेच्या दिशेने सरकत राहावी लागते. अशा फटक्यात स्वतःभोवती गिरकी घेण्यावर उत्तर अमेरिकेतील एनएचएलने २०१४ मध्ये बंदी घातली. प्रतिस्पर्ध्याचा धक्का लागल्याचे सोंग करून कोसळणाऱ्या खेळाडूला दोन मिनिटे बाहेर बसावे लागते. एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सचा शॉन एव्हरी तर खेळाकडे पाठ फिरवून न्यू जर्सीचा गोलरक्षक मार्टिन ब्रोदर याच्या डोळ्यांसमोर काठी आणि हात नाचवत राहिला. त्याला रोखणारा स्पष्ट नियम तेव्हा नव्हता. दुसऱ्याच दिवशी एनएचएलने असे वर्तन खिलाडूवृत्तीला सोडून असल्याचे जाहीर केले आणि त्यासाठी शिक्षा ठरवली. चकतीच्या आधारे दिलेला चकवा ही कला. चकतीला विसरून केलेला अडथळा हा गुन्हा, अशी ही विभागणी.

लिलेहॅमरची ती चाल फोर्सबर्गची स्वतःचीही नव्हती. १९८९ च्या जागतिक स्पर्धेत केंट निल्सनने अमेरिकेविरुद्ध ती वापरली होती. १९९५ मध्ये स्वीडनने त्या गोलचे टपाल तिकीट काढले. आपली छबी वापरण्यास हर्शने संमती दिली नाही. तिकिटावर गोलरक्षक आहे, पण त्याच्या गणवेशाचा रंग बदललेला आहे.