निवडणुकीचे स्वागत, निकालाकडे पाठ

शेजारच्या देशात निवडणूक झाली की जगभरातून अभिनंदनाचे निरोप येतात. लोकशाही जिंकली, असे अग्रलेख छापून येतात. पण निवडून आलेल्यांना सत्ता मिळाली का, हे विचारायला फारसे कोणी थांबत नाही. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच शेजारी घडले आहे, ते म्हणजे पाकिस्तानची डिसेंबर १९७० ची निवडणूक. बांगलादेशच्या जन्माची गोष्ट आपण युद्धापासून सांगू लागतो. खरे तर ती मतपेटीपासून सुरू होते.

पाकिस्तान १९४७ मध्ये झाला, पण प्रौढ मतदानाने थेट राष्ट्रीय निवडणूक व्हायला २३ वर्षे लागली. लष्करशहा जनरल याह्या खान यांनी ती घेतली. मतदानाच्या जेमतेम साडेतीन आठवडे आधी, १२ नोव्हेंबरच्या रात्री, भोला चक्रीवादळाने पूर्व पाकिस्तानात लाखो माणसांचा बळी घेतला. मदत वेळेवर पोहोचली नाही, हा राग मनात असतानाच लोकांनी ७ डिसेंबरला रांगा लावल्या. वादळग्रस्त ९ जागांचे मतदान जानेवारीत झाले.

निकालात शंकेला जागा नव्हती. पूर्वेकडच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने जिंकल्या. महिलांच्या ७ राखीव जागा धरून ३१३ च्या सभागृहात त्यांचे १६७ सदस्य झाले, म्हणजे स्वच्छ बहुमत. झुल्फिकार अली भुट्टो यांच्या पीपल्स पार्टीला ८१ सर्वसाधारण जागा मिळाल्या, त्या सगळ्या पश्चिमेत. पूर्वेत अवामी लीगच्या हातून फक्त दोन जागा निसटल्या. एक चकमांचे राजे त्रिदिव राय यांनी जिंकली, दुसरी नुरुल अमीन यांनी. हे दुसरे नाव लक्षात ठेवा.

नुरुल अमीन १९५२ मध्ये पूर्व बंगालचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत २१ फेब्रुवारीला ढाक्यात बंगाली भाषेसाठी उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. त्याआधी १९४८ मध्ये जिन्नांनी ढाक्यातच जाहीर केले होते की राज्यभाषा फक्त उर्दू असेल. देशातील बहुसंख्य लोक बंगाली बोलत होते. मी शाळेत उर्दूही शिकवतो आणि मराठीही. २१ फेब्रुवारीला जागतिक मातृभाषा दिन असतो आणि सहा दिवसांनी मराठी भाषा गौरव दिन. दोन्ही दिवसांची तयारी वर्गात एकदमच चालते. मुले विचारतात, सर, हा पहिला दिवस कुठून आला? मी ढाक्याचे नाव सांगतो आणि उर्दूच्या वर्गातही हा इतिहास लपवत नाही. दोष उर्दूचा नव्हता. पण कोणतीही भाषा हुकूम म्हणून आली की लोक तिच्यापासून दूर जातात. १९७० च्या मतपेटीत ही जुनी जखमही होती आणि पूर्वेचा पैसा पश्चिमेकडे जातो ही तक्रारही.

आता पुढचे १०८ दिवस पाहा, ७ डिसेंबर ते २५ मार्च. सुरुवात चांगली होती. जानेवारीत खुद्द याह्या खान यांनी मुजीब यांचा देशाचे भावी पंतप्रधान असा उल्लेख केला. सभागृहाची बैठक ३ मार्चला ढाक्यात ठरली. मग भुट्टोंनी जाण्यास नकार दिला आणि १ मार्चला बैठक बेमुदत पुढे ढकलली गेली. याच काळात बाहेरून आलेला एखादा ठाम शब्द कामी आला असता. पण बहुतेक देशांनी हा पाकिस्तानचा घरचा मामला मानला. अमेरिकेने मार्चच्या सुरुवातीला काहीही न करण्याचे धोरण ठरवले. भारतात त्याच दिवसांत लोकसभेची निवडणूक चालू होती. पाकिस्तानात मात्र माजी हवाईदल प्रमुख असगर खान बहुमताच्या पक्षाला सत्ता द्या, असे उघडपणे सांगत होते. पूर्व पाकिस्तानातील लष्करी अधिकारी साहबजादा याकूब खान यांनी बळाच्या वापराला विरोध करून राजीनामा दिला. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात लष्कराची कारवाई सुरू झाली आणि मुजीब यांना अटक झाली.

त्यानंतर जग बोलू लागले. निवडणुकीच्या निकालाची आठवण सर्वांत स्पष्टपणे कोणी करून दिली? सोव्हिएत संघाने. अध्यक्ष पोदगोर्नी यांनी २ एप्रिलला याह्या यांना लिहिले की, ज्यांना पूर्वेच्या जनतेने प्रचंड पाठिंबा दिला त्यांचाच छळ होत आहे. ज्या देशात एकच पक्ष होता, त्याने हे सांगावे! ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांच्या कार्यालयातून ६ एप्रिलला वॉशिंग्टनला तार गेली. लोकशाही दडपली जात असताना आपले सरकार गप्प आहे, अशी तक्रार तीत होती आणि वीस जणांच्या सह्या होत्या. ब्लड यांना तिथून हलवण्यात आले. निक्सन यांनी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला की याह्यांवर सध्या दबाव आणू नका. त्यांना पाकिस्तानमार्गे चीनचे दार उघडायचे होते आणि जुलैत किसिंजर त्याच वाटेने गुपचूप बीजिंगला गेले. चीनने तर एप्रिलमध्येच ही अंतर्गत बाब असल्याचे सांगून याह्यांना पाठिंबा दिला होता.

मुस्लिम देशांचे काय? सौदी अरेबिया, इराण, तुर्कस्तान, जॉर्डन हे सगळे पाकिस्तानच्या एकजुटीच्या बाजूने उभे राहिले. ज्यांनी मते दिली होती तेही बहुसंख्येने मुसलमानच होते आणि मारल्या गेलेल्यांतही मुसलमान कमी नव्हते. हिंदूंवर तर हिंदू म्हणून वेगळा कहर झाला. उम्मतच्या नावाने सरकारांनी नकाशा वाचवायला पाहिला, माणसे राहून गेली. हे जगापुढे मांडणाऱ्यांत अँथनी मस्करेन्हस होते, मूळ गोव्याच्या कुटुंबातले कराचीचे पत्रकार. जून १९७१ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रात त्यांचा वृत्तांत आला. त्याआधी त्यांना कुटुंबासह पाकिस्तान सोडावे लागले.

७ डिसेंबर १९७१ ला मतदानाला बरोबर एक वर्ष झाले. त्या दिवशी दोन गोष्टी घडल्या. युद्ध पेटलेले असताना संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव केला. आणि पाकिस्तानच्या पंतप्रधानपदी नुरुल अमीन आले. १६७ सदस्यांचा नेता तुरुंगात होता आणि अवामी लीगपासून वाचलेल्या दोन जागांपैकी एका जागेचा धनी पंतप्रधान झाला.

मुस्लिम मुल्कांत लोकशाही रुजत नाही, असे मला अनेकदा ऐकवले जाते. मग आपण अल्जीरियाचे उदाहरण देतो. तिथे डिसेंबर १९९१ मध्ये पहिल्या फेरीत इस्लामी पक्ष पुढे गेला, लष्कराने निवडणूकच मोडली आणि पाश्चात्त्य देशांनी ते चालवून घेतले. पॅलेस्टाईनमध्ये जानेवारी २००६ ला हमासने १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या. निरीक्षकांनी मतदान नीट झाल्याचे सांगितले, तरी मदत थांबली. ही तक्रार रास्त आहे. आपल्याला कोणता पक्ष आवडतो, हा तिथे प्रश्नच नाही. पण या यादीत आपण १९७० चा ढाका क्वचित धरतो, कारण तिथे निकाल पायदळी तुडवणारे आपलेच म्हणवणारे होते.

सौदी अरेबियाने बांगलादेशला मान्यता दिली ती ऑगस्ट १९७५ मध्ये, मुजीब यांच्या हत्येनंतर. इंडोनेशिया आणि मलेशियाने मात्र १९७२ मध्येच दिली होती. म्हणजे वेगळे वागणे शक्य होते.

इन्साफ आपल्या माणसाच्या विरोधात गेला तरी सोडू नये, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून मिळते. शेजारच्या निवडणुकीबद्दल बोलतानाही तीच लावायला हवी. नावडता पक्ष जिंकला तरी त्याला सत्ता द्या, असे आपण म्हणू का? आणि वेळेत, रक्त सांडण्याआधी म्हणू का? १९७०-७१ च्या त्या १०८ दिवसांत हे म्हणणारे फार थोडे होते.